सातवी जागा

रात्री दहाला आमच्या ऑफिसात सकाळ होते.
अकरावा मजला, सेबू. एसी इतका गार
की जेस्लिन तिचा स्वेटर खुर्चीवरच ठेवून घरी जाते.
समुद्रापलीकडे, ओहायोत, कुणीतरी शिडीवरून पडलेलं असतं
आणि ते मला लिहायचं असतं
सात खुणांत.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, हे गाव समजा.
ए आणि बीमध्ये जंतू राहतात, सीमध्ये गाठी,
आयमध्ये हृदय, जेमध्ये श्वास.
ओमध्ये बाळंतिणी, लगेच पुढच्या आळीत त्यांची बाळं.
आरमध्ये ज्यांचं अजून काही कळलेलं नाही ते.
झेड सगळ्यात शेवटी, गावकुसाला:
आजारी नसताना आलेले,
लस टोचून घ्यायला,
किंवा घरात दुसरं कुणी नाही म्हणून.
यू बरीच वर्षं रिकामी ठेवली होती,
अजून नाव नसलेल्या कुणासाठी तरी.
तो आला.
त्या वर्षी आम्ही सगळे घरून काम करत होतो.

बदकाने धडक दिली तर त्यालाही कोड आहे.
रॉमुएलने तो छापून पाण्याच्या मशीनवर चिकटवलाय.
सहा वर्षं कुणालाच लागला नाही.
गेल्या मंगळवारी लागला, आणि आख्खा मजला उठून उभा राहिला.

बाह्यरुग्णाच्या कागदावर डॉक्टरने
"न्यूमोनिया असावा" असं लिहिलं
तर न्यूमोनिया लिहायचा नाही.
खोकला लिहायचा. ताप लिहायचा.
"असावा" डॉक्टरपाशीच राहू द्यायचं.

शिडी म्हणजे डब्ल्यू अकरा.
पुढच्या तीन जागांवर सांगण्यासारखं काही नाही,
तिथे एक्स, एक्स, एक्स,
कारण सातवं अक्षर सातव्याच जागी बसायला हवं.
ए: उपचार चालू आहेत.
डी: भरून येतंय.
एस: मागे उरलेलं.
हाड सांधलं, बिल फिटलं, शिडी विकून टाकली,
तरी बोट मिटत नाही,
ते.

तातय विचारतो, रात्रभर काय लिहितेस?
लोक कसे पडले ते.
सगळे?
ज्यांचे कागद येतात ते.
तो मान हलवतो आणि जाळ्याची गाठ दातांनी ओढतो.

मी नऊ वर्षांची होते.
तुबा काढायला तो पहाटे माडावर चढला होता,
कमरेला कोयता, पाठीवर बांबूचं नळकांडं.
आवाज आम्ही ऐकला नाही. कुत्रा ऐकून धावला.
बोहोलच्या त्या आतल्या गावात मालीशवाला आला,
तेल चोळलं, काहीतरी पुटपुटला,
कोंबडी घेऊन गेला.
कागद कुठे झालाच नाही.

आज पहाटे चारला रांग रिकामी होती.
मी कोरा फॉर्म उघडला.
डब्ल्यू चौदा, झाडावरून पडणे.
एक्स. एक्स. एक्स.
एस.
पडद्यावर लाल ओळ आली:
बाह्य कारण पहिलं लिहिता येत नाही. आधी इजा लिहा.

इजा.
खुबा असावा. मणका असावा.
आणि असावा तर आम्ही लिहीत नाही.

पुसून टाकलं.
तेवढ्यात पुढची फाइल आली:
मुलगी, वय चार, कानात मणी.
उजवा की डावा, डॉक्टरने लिहिलेलं नव्हतं.
प्रश्न टाकून परत पाठवली,
आणि मग आठवून बघत बसले,
तातयचा ओढत चालतो तो पाय
कुठला.